येणारं बंद, जाणारं चालू

शनिवार, ४ ऑक्टोबर

साडेतीन! डोळे पुसून पुन्हा बघितलं — साडेतीनच. जाहिरातीत वेग शंभर लिहिला होता. तळ्याच्या फोटोशेजारी, ठळक अक्षरांत: 'सुट्टीसाठी निवांत घर, वेगवान इंटरनेटसह.' तळं आहे. निवांतपणा तर अंगावर येईल इतका आहे. इंटरनेट मात्र गोगलगायीच्या पाठीवरून येतं.

मी इथे माझ्या मनाने आलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घातली आणि पडद्यावर दाखवलं: स्वरतंतूंवर दोन गाठी, मसुराएवढ्या. 'गुरुवारपर्यंत मौन. कुजबुजसुद्धा नको. आवाज गेला तर परत आणायची हमी मी देणार नाही.' उभं आयुष्य व्यासपीठावर गेलं आणि मला मौन! चित्रकलेचा निवृत्त शिक्षक नवरा असला की असं होतं. मला गाठी झाल्या आणि मास्तरांना तळं आठवलं. घर ठरवलं, रंगांची पेटी भरली, मला गाडीत घातलं.

मी एकच अट घातली होती — इंटरनेट हवं. कारण गुरुवारी सुनावणी आहे. गिरणीमागच्या बोळातली अडतीस घरं राहणार की कंपनी ती पाडणार, याचा निकाल गुरुवारी. डॉक्टरीणबाई सभागृहाच्या गर्दीत जाऊ नका म्हणाल्या, म्हणून पडद्यावरून बोलायची परवानगी मिळवली. रहिवाशांची प्रतिनिधी मी. उपप्रतिनिधी म्हणून धाकटीचं नाव टाकलंय, नावाला. माझी ही बहीण चारचौघांत नमस्कार करायचा तरी माझ्यामागे उभी राहते. पण त्या अडतिसातलं एक घर तिचं आहे. पुढच्या खोलीत शिलाईमशीन, मागच्या खोलीत ती. नवरा गेल्यापासून त्याच मशीनवर पोट. घर गेलं तर मशीन मांडायचं कुठे?

आणि इथे साडेतीन!

बोलायचं नाही म्हणून मास्तरांनी पाटी आणून दिलीय. पाटीवर भांडता येत नाही. खडू मोडतो. म्हणून ही वही.

रविवार, ५ ऑक्टोबर

घरात मोबाइलला रेंज नाही. फाटकाच्या उजव्या खांबाला टेकून उभं राहिलं की एक काडी उगवते, तीही बोलण्यापुरती. तिथून मास्तरांनी मालकीणबाईंना फोन लावला. मी शेजारी पाटी घेऊन.

"बंद करून चालू करा ना," मालकीणबाई.

"केलं."

"मग परत करा. अहो, आजवर एका पाहुण्याची तक्रार नाही हो! लोक तळं बघायला येतात. तुम्ही काय नेट बघायला आलात?"

मी पाटीवर लिहिलं: ही उघड फसवणूक आहे. मास्तरांनी वाचलं आणि फोनमध्ये म्हणाले, "बाईसाहेब म्हणताहेत, घर छान आहे." घरचा भेदी!

मग राउटर शोधायला निघालो. सगळं घर पालथं घातलं. सापडला कुठे? बैठकीत माशांची मोठी पेटी आहे, तिच्या मागे, लाकडी कपाटात, वर दोन जाड पांघरुणं! बिचाऱ्याला ताप आल्यासारखं झाकून ठेवलंय. फाटकापाशी जाऊन मास्तरांनी पुन्हा विचारलं. "दिसायला बरं दिसत नाही ना ते," मालकीणबाई म्हणाल्या.

मी थक्क! टेबलाच्या खणात मिळालेली राउटरची पुस्तिका काल अथपासून इतिपर्यंत वाचली होती. पाणी आणि जाड लाकूड लहरी गिळतात, स्पष्ट लिहिलंय. काढला बाहेर, ठेवला उंच फडताळावर, मधोमध. वेग मोजला.

ब्याण्णव!

पाटीवर 'विजय' लिहून मास्तरांसमोर धरली. ते माशांचं चित्र काढत होते. मान डोलावली.

संध्याकाळी पुन्हा मोजला. दोन.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी गवतावर दव. वेग — एक. एक!

शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय मी कधी सभेत उभी राहिलेले नाही. वायफाय सोडलं, राउटरपासून थेट लॅपटॉपला वायर लावली. म्हणजे भिंती, मासे, शेजारी, सगळ्यांचा दोष बाद. तरी तेच. दुपारी ऐंशी, संध्याकाळी तीन. मास्तरांचा फोन बंद, टीव्ही बंद, सगळं बंद करून पाहिलं. तरी तेच. तेव्हा निष्कर्ष: शत्रू घरात नाही. बाहेर आहे, तारेत आहे.

मोजणीच्या पानावर दोन आकडे दिसतात. वरचा आत येणाऱ्याचा, खालचा बाहेर जाणाऱ्याचा. वरचा नाचतो. खालचा वीसच्या आसपास घट्ट. पहाटे बघा, संध्याकाळी बघा, वीस. हे आज लक्षात आलं.

मास्तर खाली बाजारात जाऊन एक संगणकाचं दुकान बघून आले. "तिथून बोलता येईल, पण शेजारच्या खुर्चीवर लोक बंदुका चालवत असतात. पडद्यावरच्या. ओरडतात मात्र खरे." नको. अध्यक्षबाईंपुढे बाजू मांडायची आहे, रणांगणातून नव्हे.

मालकीणबाईंनी वायरमन पाठवायचं कबूल केलंय. "पण सांगून ठेवते, तो फार बोलतो हं." बोलू दे. घरात कुणीतरी बोललं पाहिजे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मौन मोडलं. इलाज नव्हता.

गुरुवारची तालीम म्हणून सकाळी धाकटीला पडद्यावर बोलावलं. ती दिसली. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या, मागे कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट. टाचण्या काढून म्हणाली, "ताई, बरी आहेस ना? ऐक, परवा तो कंपनीचा वकील आला होता घरी. तो म्हणत होता, ओटा—"

आणि थिजली. तोंड उघडं, हात हवेत.

वकील! घरी! ऐन सुनावणीच्या तोंडावर एकट्या बाईच्या घरात शिरतो! माझं डोकं सणकलं. पुढची खोली, मशीन, दारातला तो ओटा — ज्यावर बसून आई आम्हा दोघींच्या वेण्या घालायची — तिथे त्याचे बूट! मग मी कसली गप्प बसते? बोलले. त्याला काय म्हणायचं, त्याच्या कंपनीला काय म्हणायचं, जमिनीवर हक्क कष्टाचा असतो की कागदाचा, आणि एकदा चिरा निसटला की सगळी भिंत कशी येते — सगळं बोलले. घसा जळत होता तरी बोलले. धाकटी तशीच थिजलेली.

कधीतरी चित्र हललं. ती शांतपणे सुईत दोरा ओवत होती.

"झालं तुझं?" म्हणाली. "बरं." आणि पुन्हा थिजली.

नंतर फाटकापाशी तिचा निरोप मिळाला: 'तू छान दिसत होतीस. ऐकूही आलं. सगळं. ओट्याचं राहिलं. मला तर तिथे पाणी साचतं म्हणून तो नकोसाच आहे. पण ते नंतर.'

माझी शूर बहीण. तो तिला ओट्यावरून धमकावतोय आणि ती मला समजावतेय! भाषणाची सुरुवात बदलली. पहिलंच वाक्य — 'एक वीटही नाही!'

मास्तरांनी मधाचं कोमट पाणी आणून ठेवलं. बोलले काही नाहीत. त्यांचं मौन माझ्यापेक्षा मुरलेलं आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वायरमन आला. शिडी तारेच्या खांबाला लावण्याआधीच सुरू झाला. "हा सांधा माझा नाही हं, बाई. आधीच सांगतो. मी केलेला सांधा तळ्यात बुडवलात तरी चालेल."

खांबावर चढला, खोकं उघडलं आणि वरूनच हाक मारली, "या, बघा, बघा!" सांध्याच्या आत हिरवी बुरशी. तांब्याची तार कुजलेली. ओल शिरलीय. ऊन पडलं की सुकतं, वेग वाढतो. दव पडलं की पुन्हा मेलं. म्हणून दुपारी ऐंशी आणि सकाळी एक! इतकं साधं! आणि मी सुरुवातीला माशांना दोष देत होते.

पाटीवर विचारलं: मग जाणारं कसं नीट?

"एकाच तारेतून दोन्ही जातं, बाई. येणाऱ्याचा सूर उंच, जाणाऱ्याचा खालचा. ओल लागली की उंच सूर आधी मरतो." घशाच्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. अंगावर काटा आला.

नवा भाग शनिवारी येणार. तोवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलंय. शनिवारी! मी खडू आपटला.

"तुम्हाला करायचंय काय?" त्याने विचारलं.

"भाषण," मास्तर म्हणाले.

"हात्तिच्या! मग अडलंय कुठे? तुमचं सगळं जातंय. खुशाल बोला. फक्त समोरचे काय म्हणतात ते दिसेल, ऐकू येईल, याचा भरवसा नाही."

मी लिहिलं: समोरचे काय म्हणणार ते मला पाठ आहे.

त्याने मोठ्याने वाचलं आणि इतका हसला की शिडी हलली. "मग तुम्हाला नेट नको, बाई. भोंगा पाहिजे!"

मास्तरही हसले. मला राग आला, पण पटलंही. मला बोलायचंच तर आहे. धाकटीला निरोप धाडला: 'माझ्या पडद्यावर चित्र थिजलं तरी मी बोलत राहीन. मला कुणी थांबवायचं नाही, सगळ्यांना सांगून ठेव.'

तिचं उत्तर: 'बरं.'

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सकाळी. ढग. वरचा आकडा एक, खालचा वीस. मास्तरांना तळ्यावर पाठवून दिलंय, त्यांच्या चपलांचा आवाजसुद्धा आज नको. इस्त्रीची साडी. मागे कोरी भिंत. घसा कोमट पाण्याने शेकला. आवाज आहे. लोखंडासारखा आहे!

गुरुवार, दुपारी

झालं! 

सभागृह दिसलं, क्षणभरच. पुढच्या रांगेत धाकटी. गळ्यात मोजपट्टी तशीच, मशीनवरून थेट आलेली. अध्यक्षबाई चष्मा सारून म्हणाल्या, "प्रतिनिधी जोडल्या गेल्या आहेत. सुरुवात करण्यापूर्वी कंपनीतर्फे एक—" आणि थिजल्या. तोंड अर्धं उघडं.

एक काय? एक हरकत, एक मुदतवाढ, दर वेळी तेच. थांबले. बराच वेळ थांबले. त्यांचं तोंड काही मिटेना. मग म्हटलं, आता नाही तर कधी?

"एक वीटही नाही!"

आणि मग काय सुटले! मला माझाच आवाज ऐकून शहारा आला. 'ज्यांनी भिंती बांधल्या त्यांना उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या लुटारूंनो' — हे आयत्या वेळी सुचलं. धाकटीच्या मशीनवर बोलले. वकिलाच्या बुटांवर बोलले. तडजोड म्हणजे हप्त्याहप्त्याने शरणागती, हे तर असं बोलले की थिजलेल्या अध्यक्षबाईसुद्धा चकित झाल्यासारख्या दिसल्या. शेवटी "धन्यवाद!" म्हटलं तेव्हा घशात रक्ताची चव होती. तोवर त्यांचं तोंड तसंच अर्धं उघडं.

टाळ्या ऐकू आल्या नाहीत. पडल्या असतीलच!

संध्याकाळी फाटकापाशी धाकटीचा निरोप: 'सगळं पार पडलं. नंतर बोलू. घसा जप.'

जिंकलो!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

कसं लिहू?

सकाळी सुनावणीच्या कार्यालयाने काल सभागृहात झालेल्या चित्रीकरणाचा दुवा पाठवला. दुपारी ऊन पडलं, वेग चढला. मास्तरांना म्हणाले — म्हणजे घोगरले, कारण सकाळपासून आवाज फुटत नाही — या, टाळ्या ऐकू. दोघे शेजारी बसलो.

सभागृह. अध्यक्षबाई. "सुरुवात करण्यापूर्वी कंपनीतर्फे एक प्रस्ताव आहे."

प्रस्ताव!

वकील उठला. तरुण आहे, मला म्हातारा वाटायचा. कागद बघून वाचू लागला: सगळी अडतीस घरं राहतील. कायमची, रहिवाशांच्या नावावर. रस्त्यासाठी कंपनीला फक्त दारापुढचे ओटे हवेत. मान्य असेल तर आत्ता इथेच सही, नाहीतर सुनावणीबरोबर प्रस्ताव संपला.

सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. आनंदाचा. तो स्पष्ट ऐकू येतो. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याचा हात धरून उभा राहिला. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अध्यक्षबाई भिंतीवरच्या पडद्याकडे वळल्या. पडद्यावर मी. ताठ, साडीचा पदर नीट, मागे कोरी भिंत. "प्रतिनिधी, आपलं उत्तर?"

आणि मी, त्या भल्यामोठ्या भिंतीवरून: "एक वीटही नाही! ज्यांनी भिंती बांधल्या..."

तो आवाज! मी आयुष्यात माझा आवाज असा समोर बसून ऐकला नव्हता. म्हातारा खाली बसला. वकिलाने कागद मिटला. मिटताना त्याने धाकटीकडे बघितलं, जणू विचारत होता, तुम्ही सांगितलं नव्हतं का यांना? आणि धाकटी माझ्याकडे बघत होती, पडद्यावरच्या माझ्याकडे. त्या चेहऱ्याला काय म्हणू?

तिथेच चक्र फिरू लागलं. आभाळ भरून आलं होतं. ते गोल फिरणारं चक्र आणि त्याच्यामागे बहिणीचा चेहरा. संध्याकाळपर्यंत पुढे सरकलं नाही.

मास्तरांनी फाटकापाशी जाऊन धाकटीला तीनदा फोन लावला. उचलत नाही. कालचा निरोप पुन्हा वाचला. 'सगळं पार पडलं.' काल त्यात मला तोरण दिसलं होतं. आज दगड दिसतो. पार पडलं म्हणजे संपलं. मशीन कुठे मांडणार ती?

पहिल्यांदा तारेला शिव्या घातल्या. मग वायरमनला — 'खुशाल बोला' म्हणे! मग मालकीणबाईंना. सगळे संपले. मग एकच प्रश्न उरला, आणि तो मी दुपारपासून टाळतेय. ऐकू आलं असतं तर?

तार धडधाकट असती, वकिलाचा शब्द न् शब्द पोचला असता, तर मी काय म्हटलं असतं? ओटे द्या आणि सही करा? मी? तडजोडीला शरणागती म्हणणारी?

तेच म्हटलं असतं. अक्षर न बदलता. लिहिताना मलाच धक्का बसतोय, पण वहीशी खोटं कसलं बोलायचं? मंगळवारी ती 'नकोसाच आहे' म्हणाली होती. तेव्हा चित्र थिजलेलं नव्हतं, धडधडीत लिहून पाठवलं होतं तिने. मी वाचलं, आणि त्यातून धमकी काढली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आवाज पूर्ण गेला. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही.

वायरमनने नवा सांधा बसवला. "हा माझा!" खांबाला थोपटून म्हणाला. "भाषण कसं झालं, बाई?" मास्तर त्याला बाजूला घेऊन गेले.

वेग शंभर. जाहिरातीत होता तेवढा. पुढचं बघायचा धीर नाही. धाकटी अजून फोन उचलत नाही.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "मी बघू?" लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला, दार लावलं.  मग आतून कसलातरी आवाज. खोकले असावेत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल.

पाटीवर लिहिलं: संपलं?

"बाईसाहेब, मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा. उद्या बघा, पण शेवटपर्यंत बघा."

रविवार, १२ ऑक्टोबर

बघितलं. एकदाही अडकलं नाही.

मी 'लुटारूंनो' म्हणते आणि धाकटी उठते. भिंतीपाशी जाते, पडद्याखाली वाकते, भोंग्याची वायर उपटते. सभागृहात शांतता. पडद्यावर माझ्या मुठी चाललेल्या.

"आमच्या प्रतिनिधींची लाइन गेली," ती अध्यक्षबाईंना सांगते. माझ्यामागे उभी राहणारी ती!

"पण त्या बोलताना दिसताहेत."

"लाइन गेली तरी त्या बोलतात. उपप्रतिनिधी मी आहे. कुठे करायची सही?"

सही करते. मग एकेक जण येतो. म्हाताऱ्याला दोघे धरून आणतात. चहा फिरतो. भिंतीवर मी अजून गरजतेच आहे, आणि खाली कुणाचं लक्ष नाही. फक्त धाकटीचं आहे. वायर हातात धरून ती माझ्याकडे टक लावून बघत उभी आहे. माझे हात जोडले जाताना दिसतात, तशी ती पटकन वाकते आणि वायर लावते.

"...धन्यवाद!"

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. धाकटीसुद्धा.